घरातल्या कामालाही भोंगा हवा

घरबसल्या काम! शब्द ऐकायला किती गोड वाटतो! ना बसची धावपळ, ना साहेबाची करडी नजर, ना सकाळी डबा भरण्याची घाई. मूल डोळ्यांसमोर, चूल हाताशी आणि चार पैसे पदरात. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याच्या आणि हैदराबादच्या कंपन्यांत नोकरी करणारी सोलापूरची मुले आपापले संगणक घेऊन गावी परतली, तेव्हा हा शब्द घरोघरी पोहोचला. पहिले काही दिवस आई-वडील खूश होते. मग तक्रारी सुरू झाल्या. "जेवायला चार हाका माराव्या लागतात", "रात्री बारापर्यंत याचा दिवा चालूच", "मान धरली म्हणतो", "हल्ली फार चिडचिड करतो". नव्या युगाचे नवे दुखणे म्हणून त्यावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले.

वाचकहो, हे दुखणे नवे नाही. निदान सोलापुरात तरी नाही. आपल्या शहराच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या हजारो भगिनींना ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. घर आणि कामाची जागा एकच झाली म्हणजे शरीराचे, मनाचे आणि संसाराचे काय होते हे जाणून घ्यायला परदेशी पुस्तके उघडण्याची गरज नाही. विडी घरकुलात एखाद्या दुपारी एक फेरी मारली तरी पुरे. आजच्या लेखात प्रामुख्याने या भगिनींच्या आरोग्याचा विचार करू. पण घरी शिलाई करणारी ताई, कडक भाकरी करून विकणारी मावशी, घराच्या पुढल्या खोलीत यंत्रमाग लावलेले काका आणि संगणकावर काम करणारी मुले, या साऱ्यांनाच तो लागू पडेल.

भोंग्याचे गाव

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७७ साली 'जुनी गिरणी' सुरू झाली. पुढे नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. आज त्या इतिहासजमा झाल्या असल्या तरी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून आपल्यात आहे. गिरणीतले काम सोपे मुळीच नव्हते. कापसाची धूळ, यंत्रांचा आवाज, अंगाची काहिली करणारा उकाडा, सारेच होते. पण भोंगा दोन गोष्टी सांगत असे. एक, काम सुरू झाले. दुसरी, काम संपले. दुसरा भोंगा झाला की माणूस गिरणीच्या दारातून बाहेर पडे आणि काम आतच राही.

१९४८ च्या कारखाने कायद्याने या भोंग्याला कायद्याचे बळ दिले. प्रौढ कामगाराला दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कमाल मर्यादा, सलग ५ तास काम झाले की किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्यातून एक सुट्टी. १९६६ साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. त्यातही विडी कारखान्यात बसून काम करणाऱ्यांसाठी दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांचीच मर्यादा घातली गेली. परंतु कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा आणून स्वतःच्या घरात विड्या वळणाऱ्या बाईच्या तासांना ही मर्यादा लागू पडली नाही. पान तेच, तंबाखू तीच, बोटेही तीच. फक्त उंबरठा बदलला आणि भोंगा बंद झाला.

हजाराचा हिशेब

विडीची मजुरी हजारावर मिळते. तासावर नाही, दिवसावर नाही. हजार विड्या म्हणजे पंचवीस-पंचवीसच्या चाळीस जुड्या. पाने कातरणे, वळणे आणि बांधणे धरून एखाद्या भगिनीने दहा तासांत हजार विड्या पुऱ्या केल्या असे समजू. म्हणजे दर ३६ सेकंदांना एक विडी! यात आदल्या रात्री पाने भिजत घालणे आले नाही. माल कारखान्यात नेऊन देणे, तेथे रांगेत थांबणे, नवे पान घेऊन परत येणे आले नाही. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे श्रम तर कोणत्याच हिशेबात येत नाहीत.

आता याच बाईच्या डोक्यावर घरचे काम ठेवा. स्वयंपाक, धुणी-भांडी, मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांची औषधे आणि नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर घागरी, पिंप, बादल्या भरण्याची धांदल. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली देशभर लोकांच्या दिवसाचा हिशेब घेतला. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, असे त्यात दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा वेळ भरला ८८ मिनिटे. पाच वर्षांपूर्वी, २०१९ साली, हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बायकांची दहा मिनिटे वाचली, पण ती पुरुषांनी उचलली असे काही झाले नाही; त्यांचीही नऊ मिनिटे कमीच झाली!

२८९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. त्यात विडीचे दहा तास मिळवले की पंधरा होतात. उरले नऊ. त्यात झोप, आंघोळ, जेवण, आजारपण, सणवार आणि माणसांशी चार शब्द बोलणे. आता सांगा, या बाईने मुलाला जवळ घ्यायचे कधी आणि स्वतःचे दुखणे डॉक्टरांना दाखवायचे कधी?

"काही नाही, घरीच असते"

दवाखान्यात आलेल्या बाईला डॉक्टरांनी विचारावे, "अक्का, काम काय करता?" उत्तर ठरलेले असते. "काही नाही, घरीच असते." सोबत आलेली सून किंवा मुलगी मग हळूच सांगते, "विड्या वळते ती."

या एका उत्तराने आजाराचे अर्धे निदान हातचे जाते. खोकल्याचे औषध दिले जाते, पण तंबाखूच्या भुकटीचा विषय निघत नाही. कंबरदुखीला मलम दिले जाते, पण दहा तासांच्या बैठकीचा विषय निघत नाही. कामाला काम म्हटलेच नाही, तर त्यापासून होणाऱ्या आजाराला कामाचा आजार कोण म्हणणार? म्हणून भगिनींनो, दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हेच सांगा: "मी विड्या वळते, इतकी वर्षे वळते, दिवसाला इतक्या वळते." शिलाई करणाऱ्यांनी आणि संगणकावर बसणाऱ्यांनीही आपले तास मोजून सांगावेत. डॉक्टरांना त्याचा औषधाइतकाच उपयोग होतो.

आणि हे काम आहे, ही गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलेली आहे. घरी विड्या वळणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी लागू होतो की नाही, असा वाद न्यायालयात गेला होता. १९८५ साली न्यायालयाने निर्णय दिला की घरी वळणारा कामगारही मालकाचा कामगारच आहे. विडी पसंत करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार मालकाच्या हाती आहे, म्हणजे कामावर देखरेख त्याचीच आहे, असे त्यामागचे एक कारण होते. घराला कामाची जागा म्हणून कायद्याने ओळखले. घरातल्या माणसांनी मात्र अजून पुरते ओळखलेले नाही.

शरीर काय सांगते?

विडी वळताना बाई मांडी घालून बसते. सूप मांडीवर, मान खाली, पाठ वाकलेली, खांदे पुढे आलेले आणि बोटे सतत चालू. मानेचे स्नायू डोक्याचा भार तासन् तास तोलून धरतात आणि आखडतात. मणक्यांमधल्या गाद्यांवर ताण येतो. गुडघे दुमडलेलेच राहिल्याने उठताना कळ येते. बोटांची आणि मनगटाची तीच ती हालचाल दिवसातून हजार वेळा झाल्याने मुंग्या येणे, पकड सैल होणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे असे त्रास सुरू होतात.

दुसरा त्रास तंबाखूचा. "मी तंबाखू खात नाही, मग मला काय होणार?" असे अनेकींना वाटते. तंबाखूतले निकोटीन श्वासाबरोबर जाणाऱ्या भुकटीतून तसेच कातडीतूनही अंगात शिरते. तंबाखूचे कसलेही व्यसन नसलेल्या विडी कामगारांच्या लघवीतही निकोटीनचे अंश संशोधकांना सापडलेले आहेत. डोके जड होणे, मळमळणे, भूक मरणे, डोळे चुरचुरणे, शिंका, खोकला, धाप या तक्रारींमागे ही भुकटी असू शकते. गरोदर बाईच्या शरीरात गेलेले निकोटीन पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते आणि बाळाच्या वाढीला अपायकारक ठरते, हे विशेष ध्यानात ठेवावे.

तिसरा त्रास आपणच ओढवून घेतलेला, पण नाइलाजाने. उठायला लागू नये म्हणून अनेकजणी पाणीच कमी पितात आणि लघवी तुंबवून ठेवतात. त्यातून लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. पंख्याने पाने वाळतात आणि भुकटी उडते, म्हणून पंखाही बंद. आपल्या सोलापूरचा उन्हाळा पारा चाळिशीच्या वर नेणारा. पत्र्याच्या खोलीत, बिनपंख्याचे, कमी पाणी पिऊन बसणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रणच.

चौथे दुखणे पांढरे पडण्याचे, म्हणजे रक्त कमी असण्याचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी आणि भुकेच्या वेळी चहावर भागवणारी बाई त्यात पुढे असणार हे उघड आहे. थकवा आला की काम हळू होते, काम हळू झाले की तास वाढतात, आणि तास वाढले की थकवा आणखी वाढतो. हे चक्र कोठेतरी तोडायला हवे.

मुलांचे बोट कामाला लागते तेव्हा

घरातले काम घरातल्या कोणालाच सोडत नाही. शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवते आणि आईच्या शेजारी बसते. आधी दोरा बांधायला, मग विडीचे टोक दुमडायला, मग पाने कातरायला. आईला थोडी मदत होते, हजाराचा आकडा लवकर गाठता येतो. पण त्याबरोबर मुलीचा अभ्यास, खेळ आणि फुप्फुसे तिघांवरही घाला पडतो. विडी वळणे हे काम १९८६ च्या बालकामगार कायद्याने मुलांना मना केलेल्या कामांच्या यादीत सुरुवातीपासून आहे, ते उगीच नव्हे.

रांगत्या मुलांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून जपावे. सांडलेली तंबाखू लहान मूल सहज तोंडात घालते. मुलाला अचानक ओकाऱ्या होऊ लागल्या, तोंडातून लाळ गळू लागली, चेहरा पांढराफटक पडला किंवा मूल ग्लानीत गेले, तर मिठाचे पाणी वगैरे पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नये. तोंडातली तंबाखू बोटाने काढून टाकावी आणि तडक सरकारी रुग्णालय गाठावे.

संगणकवाल्यांचे दुखणेही तेच

आता आपल्या संगणकवाल्या मुलांकडे वळू. त्याची खुर्ची फिरती असेल, खोलीला वातानुकूलन असेल, पगार तर कितीतरी जास्त असेल. पण मान तीच वाकलेली, डोळे तसेच ताणलेले, बोटे तशीच चालू आणि भोंगा त्यालाही नाही. आईचा हजाराचा आकडा, तसा त्याचा 'आजच संपवून द्या' म्हणणारा संदेश. तो रात्री साडेदहालाही येतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात दिसून आले. दिवसाला दहा तास आणि आठवड्याचे सहा दिवस म्हटले तरी ६० तास होतात. वर सांगितलेली आपली विडी कामगार भगिनी आणि आपला संगणकवाला मुलगा, दोघेही या मर्यादेपलीकडे आहेत.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर कंपनीच्या निरोपांपासून अलिप्त राहण्याच्या कामगारांच्या हक्काला कायद्याने मान्यता मिळाली. आपल्याकडेही खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली अशाच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. आणि घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असा ठराव आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ सालीच केलेला आहे. संगणकवाल्याला भोंगा हवा हे जगाला पटू लागले आहे. विडीवालीला तो त्याहून अधिक हवा, हे आपल्याला पटायला हवे.

मग करायचे काय?

"डॉक्टर, काम कमी करा म्हणू नका, घर कसे चालणार?" हा प्रश्न रास्त आहे. म्हणून पुढील उपाय मजुरी फारशी न बुडता करता येतील असेच दिले आहेत.

१) कामाची जागा ठरवा. एकच खोली असली तरी तिचा एक कोपरा फक्त कामाचा. तो चुलीपासून आणि मुलांच्या अंथरुणापासून दूर, खिडकीजवळ असावा. उजेड समोरून किंवा डाव्या बाजूने यावा. जेवणाची जागा वेगळी असावी. संगणकवाल्यांनीही पलंगावर बसून काम करू नये.

२) पाठीला आधार द्या. भिंतीला टेकून बसा आणि कंबरेच्या खोलगट भागात घडी घातलेली चादर ठेवा. बैठकीखालीही जाड घडी घ्या, म्हणजे गुडघ्यांवरचा ताण कमी होतो. सूप मांडीऐवजी लहान पाटावर ठेवून पाहा. मान कमी वाकेल. अधूनमधून एक पाय लांब करा, मग दुसरा.

३) दर चार जुड्यांना उठा. घड्याळ पाहण्याची गरज नाही, जुड्या तर आपण मोजतोच. चार जुड्या झाल्या की दोन मिनिटे उभे राहा. खांदे मागे फिरवा, मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवा, मुठी उघडा-मिटा. दिवसभरात अशी दहा वेळा मिळून वीसच मिनिटे जातात, पण हात ताजा राहतो.

४) डोळ्यांना लांबचे दाखवा. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, हा डोळ्यांच्या डॉक्टरांचा सोपा नियम सर्वांनीच पाळावा. समोरच्या घराची गच्ची, गल्लीतले लिंबाचे झाड, काहीही चालेल.

५) तंबाखूला घरात पसरू देऊ नका. डब्याला घट्ट झाकण असावे आणि तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंचावर ठेवावा. काम करताना जुने लुगडे किंवा मोठा सदरा वरून घालावा आणि काम संपल्यावर काढून ठेवावा. तो मुलांच्या कपड्यांत धुऊ नये. कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने फरशी पुसावी. नाका-तोंडाला धुतलेले सुती फडके बांधल्याने भुकटी थोडीफार अडते. स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी आणि बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात कोपरापर्यंत धुणे, हा नियम कधीही मोडू नका.

६) पाणी प्या आणि वेळेवर उठा. पाण्याचा तांब्या सुपाशेजारी भरलेला ठेवा, झाकण घालून. उन्हाळ्यात ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घ्या. शक्यतो सकाळच्या गार वेळेत जास्त काम उरकून दुपारचे दोन तास सुपाला सुट्टी द्या.

७) पोट भरून जेवा. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, डाळ आणि रोज एक पालेभाजी, वर लिंबू पिळून. हा आपल्याच मातीतला उत्तम आहार आहे. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. तासाभराने घ्यावा. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्याव्यात.

८) आपला भोंगा आपणच वाजवा. हा सर्वांत महत्त्वाचा उपाय. एक वेळ ठरवा, समजा रात्रीचे आठ. आठ वाजले की हातातली जुडी पुरी करावी, सूप भिंतीला उभे करावे, हात-तोंड धुवावे आणि साडी बदलावी. सूप भिंतीला लागले म्हणजे भोंगा झाला, हे घरातल्या लहान मुलालाही कळले पाहिजे. संगणकवाल्याने यंत्र बंद करून पिशवीत घालावे आणि पिशवी कपाटात ठेवावी. सकाळीही तसेच. अंथरुणातून उठून थेट सुपाशी किंवा पडद्यापुढे बसू नये. अंगणात किंवा गल्लीत दहा मिनिटे चालून यावे. कामावर जाणारा माणूस वाटेत जेवढा चालतो, तेवढे चालणेही घरी काम करणाऱ्याला मिळत नाही.

९) आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा. त्या दिवशी घरभर साठलेले काम काढायचे नाही. सिद्धेश्वर मंदिरात जाऊन तलावाकाठी निवांत बसावे, माहेरी जावे, नाहीतर नुसते लोळावे. तो वेळ फुकट गेला असे मानू नये.

ही एकटीच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे

वरचे नऊ उपाय वाचून घरातले पुरुष म्हणतील, "बघ, लिहिलंय, तसं कर." तसे नव्हे, दादा! बाईचा भोंगा आठला वाजायचा, तर सायंकाळची भाजी कोणी चिरायची, पाणी कोणी भरायचे, पोरांचा अभ्यास कोणी घ्यायचा, हे आधी ठरले पाहिजे. सरासरी ८८ मिनिटांत आपण आणखी ६० मिनिटे घातली, तर घरातल्या बाईला तासाभराची झोप किंवा मोकळीक मिळते. औषधाच्या बाटलीतून ती मिळत नाही. सासूबाईंनाही विनंती की, सून घरात बसून काम करते म्हणजे ती मोकळी आहे असे समजू नये. पाहुण्यांनीही कामाच्या वेळी येणे टाळावे.

मालकांचीही जबाबदारी आहे. पान चांगले दिले तर कमी वाया जाते आणि तास वाचतात. माल घेताना रांगेत उभे राहणाऱ्या बायकांना सावली, पाणी आणि बसायला जागा मिळावी. विडी कामगाराचे ओळखपत्र आणि भविष्य निर्वाह निधीची नोंद प्रत्येक भगिनीने जपून ठेवावी. प्रसूतीचा लाभ १९६६ च्या कायद्याने घरी विडी वळणाऱ्या बाईलाही लागू केला होता, ही गोष्ट पुष्कळजणींना ठाऊक नसते. गरोदरपणी पहिल्या तीन महिन्यांतच दवाखान्यात नाव नोंदवून आपल्या हक्काची चौकशी कामगार संघटनेकडे किंवा कामगार खात्याच्या कार्यालयात करावी.

आपल्या शहराने या बाबतीत एक गोष्ट करून दाखवली आहे. कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने महिला विडी कामगारांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली ती घरे देण्यात आली. त्याच परिसरातल्या रे नगरच्या ३०,००० घरांपैकी १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना सुपूर्द झाली. स्वतःचे पक्के घर मिळणे ही आरोग्याचीही गोष्ट आहे. त्या घरातला एक कोपरा कामाचा आणि उरलेले घर माणसांचे राहील, एवढे आपण पाहिले तर त्या घराचे चीज होईल.

केव्हा दवाखाना गाठावा?

दोन आठवड्यांपेक्षा अधिक दिवस खोकला राहिला, सायंकाळी ताप येऊ लागला, वजन घटू लागले किंवा थुंकीतून रक्त आले, तर क्षयाची तपासणी ताबडतोब करून घ्यावी. ती आणि तिचे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. कंबरेची कळ पायात उतरू लागली, हाताची बोटे रात्री वारंवार बधिर होऊ लागली, चार पायऱ्या चढून धाप लागू लागली, छातीत दडपल्यासारखे झाले, लघवीला जळजळ होऊन थंडी वाजू लागली, तर घरगुती उपायांवर दिवस काढू नयेत. आणि एक दुखणे कोणी बोलून दाखवत नाही. झोप न येणे, कशात मन न लागणे, उगाच रडू येणे, जीव नकोसा वाटणे. चार भिंतींत दिवसभर एकट्याने काम करणाऱ्यांना ते गाठू शकते. त्यातही लाजण्यासारखे काहीच नाही. तेही डॉक्टरांना सांगावे.

वाचकहो, आज हा अंक वाचून झाल्यावर घरातल्या काम करणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारा: "आज काम किती वाजता थांबवणार?" उत्तर मिळाले तर ती वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि ती पाळायला सर्वांनी मदत करा. उत्तर मिळाले नाही, तर आजच सायंकाळी सगळ्यांनी मिळून ती वेळ ठरवा.